खुणेचा दगड

हिराजी खडकावर चढला तेव्हा मी हसलो होतो. खोटं कशाला सांगू. नदीच्या ऐन मधे, बैलगाडीएवढ्या काळ्या खडकावर तो गुडघे-कोपरं टेकत चढला, हेल्मेटमधलं पाणी झटकलं आणि आमच्याकडे तोंड करून कमरेत वाकून मुजरा केला. त्याची लाल कयाक, एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, उलटी होऊन एकटीच पुढच्या घळीत निघून गेली होती. माझ्या राफ्टमधल्या पुण्याच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी राफ्ट वाळूच्या काठाला लावली आणि सगळ्यांना उतरवलं. आम्ही आणि तो खडक समोरासमोर. मधे तीसेक मीटर पाणी असेल, पण आवाज असा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं.

"तुमचे मेव्हणे म्हणजे कमाल आहेत," मेहेंदळे सर म्हणाले. निवृत्त इंजिनिअर, सत्तरीला आलेले, गळ्यात कायम कॅमेरा.

"मेव्हणा नंतर झाला सर. आधी चौथीपासून माझ्या बाकावर बसायचा. बहिणीनेच पसंत केला, आमचा इलाज चालला नाही."

सकाळचे अकरा वाजले होते. जुलै महिना, झंस्कार नदी, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. झाड म्हणून दिसायचं नाही. मी मोरेश्वर बामुगडे, कोलाडजवळचा, कुंडलिकेच्या काठावर वाढलेला. हिराजीही तिथलाच. दहा वर्षं आम्ही दोघं आमच्या नदीवर राफ्टिंगचे गाईड होतो. लडाखातलं बोलावणं त्या वर्षी पहिल्यांदाच आलं होतं. दोन राफ्ट आणि एक कयाक, असा आमचा काफिला. पुढची राफ्ट रिग्झिनची. तो तिथलाच, त्या नदीवर पंधरा वर्षं काढलेला. पण तो घळीतून केव्हाच पलीकडे गेला होता, आणि त्या पाण्यात उलट येता येत नाही. आमच्यापर्यंत पोचायचं तर त्याला कड्यावरून चालत यावं लागणार होतं.

मी दोराची पिशवी घेतली आणि फेकली. दोर वीस मीटरचा. दहाएक मीटर कमी पडला. पुन्हा फेकला, पुन्हा तेवढाच कमी. हिराजीने हात नाचवून दाखवलं, तुझ्या हातात दम नाही.

मग त्याने खूण केली. स्वतःकडे बोट, उडी, आणि खालच्या वळणाकडे बोट. खडकाच्या खाली माझ्या काठाला पाणी जरा वळून संथ होत होतं. तिथपर्यंत पोहायचं, तिथे मी दोर टाकायचा. जमण्यासारखं होतं. मात्र तिथे दोर चुकला तर पुढे पन्नास पावलांवर ती घळ. दोन्ही बाजूंनी सरळसोट कडे, आणि आत काय आहे ते इथून दिसत नव्हतं.

पाण्यात बोलता येत नाही म्हणून गाईड लोक खुणांनी बोलतात. वल्हं उभं धरलं की ये. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं की थांब. डोक्यावर पंजा ठेवला की ठीक आहे. आणि आमच्या नदीवर एक नियम होता. पाण्यातल्याला सगळं दिसत नाही, काठावरच्याला दिसतं, म्हणून काठावरचा सांगेल तसं करायचं. वाद जेवताना घालायचा. हा नियम हिराजीनेच पोरांना घोकून घेऊन शिकवला होता.

घरीसुद्धा तेच. लग्न झाल्यावर त्याने माझ्या बहिणीला, कुंदाला, अंगणात खराटा हातात देऊन सगळ्या खुणा शिकवल्या. ती सकाळी नदीवर कपडे धुवायला जायची. आमच्या राफ्ट समोरून गेल्या की डोक्यावर हात ठेवून विचारायची, ठीक? हिराजी डोक्यावर हात ठेवून सांगायचा, ठीक. पाहुण्यांना वाटायचं, बाई नमस्कार करतेय की काय.

आम्ही लडाखला निघालो तेव्हा तिला पाचवा महिना होता. जीपजवळ आली आणि मला म्हणाली, "दादा, नेतोयस तसे आणून दे."

"मला काय करायचाय तुझा नवरा? सप्टेंबरात परत करतो," मी म्हणालो.

तर काठावर उभा राहून मी पाणी पाहिलं आणि माझ्या मनाने हिशेब केला. साडेअकरा होत आले. एक वाजेपर्यंत पाणी उतरेल. मग दोर आपसूक पुरेल. कशाला जिवावरची उडी? मी वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं. थांब.

हिराजीने तळहात खाली खाली नेत विचारलं, उतरेल ना? मी डोक्यावर पंजा ठेवला. त्यानेही ठेवला. मग खडकावर आडवा झाला, हेल्मेट तोंडावर ओढलं आणि पायावर पाय टाकला. आमच्या गावात दुपारी पारावर झोपायचा अगदी तसा.

मी काठावर, पाण्याला लागून, एक पांढरा दगड ठेवला. ही आमची पद्धत. कुंडलिकेला पाणी येतं ते वरच्या वीजघरातून. सकाळी सोडतात, नदी भरून वाहते, आमचा धंदा होतो. दुपार झाली की बंद करतात आणि पाणी ओसरतं. सकाळी जिथे राफ्ट उधळते तिथे दुपारी बायका दगडांवरून चालत पलीकडे जातात. कुणाला पलीकडे जायचं असलं की तो पाण्याच्या कडेला दगड ठेवून बिडी पेटवतो. दगड कोरडा झाला की समजायचं पाणी उतरायला लागलं. रांगायला लागल्यापासून आम्ही हेच पाहिलेलं. नदी म्हणजे सकाळी चढणार, दुपारी उतरणार.

"किती वेळ लागेल?" मेहेंदळे सरांनी विचारलं.

"तास, दीड तास. पाणी उतरलं की दोर पुरतोय."

"वर धरण आहे का कुठे?"

"नाही बहुतेक. पण दुपारचं पाणी उतरतंच सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. "असेल. तुमचा अनुभव," ते म्हणाले आणि सावलीला जाऊन बसले.

साडेबाराला मी दगड पाहायला गेलो तर दगड दिसेना. पाण्याखाली होता, वीतभर आत. मला वाटलं वाळू खचली असेल. मी दुसरा दगड घेतला आणि हातभर वर ठेवला. हे मी केलं. या दोन हातांनी दगड उचलून वर ठेवला आणि पुन्हा वाट पाहत बसलो. आजही भाकरी मोडताना मधेच हात थांबतो आणि तो दगड समोर येतो.

एकच्या सुमाराला हिराजी उठून उभा राहिला. या वेळी तो हसत नव्हता. ज्या पायरीसारख्या कंगोऱ्यावरून तो सकाळी चढला होता, त्याच्याकडे त्याने बोट केलं. तिथे आता फेस होता. मग पुन्हा तीच खूण. मी, उडी, खालचं वळण. दोनदा केली. शेवटी दोन्ही हात पसरून माझ्याकडे पाहत राहिला, सांग म्हणून.

खालचं वळण अजून होतं. लहान झालं होतं, पण होतं. त्याने तेव्हा उडी मारली असती तर पुढे बाळाच्या बारशाच्या जेवणावरून तो माझ्याशी भांडला असता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

मी का नाही म्हणालो? पाणी चढलंय म्हणजे आता उतरेल, असं वाटलं, हे एक. दुसरं जे होतं ते मी पुढे पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला माझ्या हाताची भीती वाटली. सकाळपासून दोनदा दोर कमी पडला होता. तो माझ्या खुणेवर उडी मारणार आणि माझ्या हातून दोर चुकला तर? नदीने नेला तर नदीने नेला म्हणता येतं. माझ्या हातून गेला तर कुंदाला काय तोंड दाखवू? असा विचार मी त्या घटकेला केला. माझ्या तोंडाचा.

मी वल्हं आडवं करून डोक्यावर धरलं. बराच वेळ धरलं, खांदे दुखेपर्यंत. थांब.

तो पाहत राहिला. तीस मीटरवरून डोळे दिसत नाहीत, पण माणूस आपल्याकडे पाहतोय ते कळतं. मग त्याने डोक्यावर पंजा ठेवला. ठीक आहे. मागे मेहेंदळे सरांच्या कॅमेऱ्याचा खटका वाजला.

"ते काय विचारत होते?" सरांनी विचारलं.

"काही नाही. कंटाळला असेल."

अडीच वाजेपर्यंत नदीचा रंग बदलला. सकाळी राखाडी होती, आता चहासारखी गढूळ झाली. खालचं वळण राहिलंच नाही, सगळी एकच धार झाली. माझा दुसरा दगडही गेला. मी तिसरा ठेवला नाही. हिराजी खडकाच्या माथ्यावर उभा होता, आणि माथा आता जेमतेम पाटाएवढा उरला होता.

रिग्झिन तीनला आला. कड्यावरून, हातपाय खरचटून घेत, खांद्यावर लांब दोर. त्याने नदीकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं, आणि हिंदीत मला विचारलं, "हा अजून इथे का?"

"पाणी उतरायची वाट बघतोय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण तो हळूच बोलला. "मोरूभाई, वर बघ. ऊन आहे. ऊन आहे तोवर बर्फ वितळतंय. हे पाणी संध्याकाळपर्यंत चढत जातं. म्हणून तर रोज सकाळी सांगतो, लवकर निघा, लवकर निघा."

सांगत होता. रोज सांगत होता. एकदा तर हाताने वर करून दाखवलंही होतं. मी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, उन्हाचा त्रास होतो म्हणून सांगत असेल. बर्फ वितळून पाणी होतं हे मला शाळेतच शिकवलं होतं. पण नदी दुपारी उतरते हे मी त्याच्याही आधी शिकलो होतो.

आम्ही लांब दोर फेकला. त्याला दगड बांधून फेकला. वारा सुटला होता. पाच वेळा, सहा वेळा, एकदा खडकावरून घसरून गेला. हिराजीच्या पोटऱ्यांना पाणी लागलं होतं. रिग्झिन म्हणाला, "आता दुसरं काही नाही. उडी मारू दे. जमेल तेवढं मी बघतो."

मी वल्हं उभं धरलं. त्या दिवसात पहिल्यांदा. ये.

हिराजीने लगेच उडी मारली. जरासुद्धा थांबला नाही. सकाळपासून त्याच खुणेची वाट बघत उभा होता ना तो. रिग्झिनचा दोर त्याच्या पुढे पडला, माझा मागे. माझ्या दोरापासून त्याचा हात दोन हातांवर होता. तो वळला, दोराकडे हात टाकला आणि मला वाटलं धरलाच. मग घळ आली.

अंगात लाइफ जॅकेट असूनही नदीने त्याला सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी रिग्झिनला सापडला, सहा किलोमीटर खाली. लेहला अग्नी दिला. सप्टेंबरात परत करतो म्हणालो होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला तांब्याच्या कलशात घेऊन एस.टी.तून उतरलो.

ओटीवर माणसं बसली होती. त्याचे दोन भाऊ, माझी आई, शेजारपाजार. कुंदा भिंतीला टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून. रडून रडून आवाज गेला होता तिचा. तिने मला एकच गोष्ट विचारली.

"दादा, चार तास होते ना ते खडकावर? मग आधीच उडी का नाही मारली? हे तर पुलावरून उडी मारायचे."

सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी जाब विचारत नव्हतं. खरं सांगायला तीन शब्द लागले असते, मीच थांब म्हणालो.

"हिंमत झाली नाही गं त्याची," मी म्हणालो. "घाबरला तो."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि उठून आत गेली.

बोललेलं माघारी घेता येत नाही. ते गावभर झालं, मग नदीभर झालं. नव्या गाईड पोरांना हिराजी कोण हेही माहीत नव्हतं, पण कुणी पाण्याच्या तोंडावर कचरला की दुसरा म्हणायचा, "ए, हिराजी करू नको." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या पोराच्या कानाखाली द्यायला निघालो होतो. हात वर गेला आणि खाली आला. काय सांगून मारणार होतो? मग कानांना सवय झाली. मी त्याच नदीवर पुढे मालक झालो, माझ्या स्वतःच्या चार राफ्ट झाल्या, आणि तो शब्द माझ्याच आवारात रोज फिरत राहिला.

गेल्या वर्षी तनुजा कयाक शिकायला आली. हिराजीची पोर, पंधरावं सरलेलं, बापासारखीच लांब हातांची. त्याला तिने फक्त फोटोत पाहिलेलं. पहिल्या मोठ्या लाटेपाशी तिने वल्हं आखडतं घेतलं, कुणीही घेतं. काठावरून एक पोरगा ओरडला, "तनू, हिराजी करू नको." त्याला बिचाऱ्याला काय माहीत हा तिचा बाप. तिला माहीत होतं. तिने कयाक काठाला आणली, जॅकेट काढलं, घडी करून माझ्या पायाशी ठेवलं आणि घरी गेली.

मी संध्याकाळी कुंदाकडे गेलो. ती पडवीत सुकट निवडत होती.

"कुंदे, तुला एक सांगायचंय."

"बस. चहा टाकते."

"चहा नको. हिराजीचं आहे."

तिचा हात थांबला. सूप बाजूला सारून ती आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमधून एक फोटो काढून तिने माझ्या हातात दिला.

फोटोत माझी पाठ होती. दोन्ही हात वर, वल्हं आडवं. पलीकडे नदी, आणि खडकावर बोटभर हिराजी, डोक्यावर पंजा ठेवलेला.

"त्या पुण्याच्या सरांनी पाठवला होता," ती म्हणाली. "शेवटची आठवण म्हणून. तनू चार महिन्यांची होती तेव्हा."

मी फोटो उजेडाला धरला.

"हे थांब ना, दादा?"

"हो."

"आणि ह्यांनी ठीक आहे म्हटलंय."

"हो."

"मला खराट्याने शिकवलं होतं ह्यांनी. मी कशी विसरेन?"

"एवढी वर्षं तुझ्याकडे आहे आणि तू बोलली नाहीस?"

"तू सांगशील वाटलं. या दिवाळीला सांगेल, पुढच्या भाऊबीजेला सांगेल. दरवर्षी ओवाळायचे तेव्हा वाटायचं, आता बोलेल." तिने पदराने नाक पुसलं. "तू थांब म्हणालास याचा राग नाही मला. तुम्ही दोघं एकाच नदीचे. तिथे तुझ्या जागी हे असते तर ह्यांनीही वल्हं आडवंच धरलं असतं. पण तू ह्यांना घाबरला म्हणालास. माणूस गेला तो गेलाच, दादा. त्याचं एवढं तरी ठेवायचं होतंस."

मी तिच्या पायाशी बसलो होतो. थोरला भाऊ असून. रडू आलं ते मी आवरलं नाही आणि तिने आवर म्हटलं नाही.

"माफ कर म्हणू नको मला," ती म्हणाली. "उद्या सकाळी पाणी सोडायच्या आधी सगळी पोरं जमतात ना? तिथे सांग. तनूसमोर. मी तिला पाठवते."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. बावीस पोरं, स्वयंपाकाच्या दोन बाया, आणि पुढे तनुजा. दगडाचं सांगितलं, एक वाजताचं सांगितलं, माझ्या हाताच्या भीतीचंही सांगितलं. ओटीवर काय बोललो तेही. आदल्या दिवशी ओरडलेला पोरगा खाली मान घालून उभा होता. तनुजाने माझ्याकडे पाहिलं. मग जाऊन आपलं जॅकेट घातलं आणि बंद आवळले.

पाणी आलं. तिची कयाक पुढे आणि माझी राफ्ट मागे, असे आम्ही निघालो. मोठी लाट तिने एका दमात काढली. पुढच्या वळणावर कपडे धुवायचा घाट आहे. पंधरा वर्षांत कुंदा तिथे फिरकली नव्हती, घरच्या मोरीत धुवायची. त्या दिवशी ती तिथे उभी होती, गुडघाभर पाण्यात, खांद्यावर पिळलेलं लुगडं.

तिने डोक्यावर हात ठेवून विचारलं. तनुजाने वल्हं मांडीवर घेतलं आणि डोक्यावर हात ठेवला.

मागोमाग माझी राफ्ट आली. मीही डोक्यावर हात ठेवला. कुंदाने पाहिलं. मग ती खाली वाकून पुढचा कपडा धुवायला लागली.